कोणत्या दिवशी?

२ जानेवारी २०२४, मंगळवार

सुट्टी संपली. सकाळी सहाला खोलीत. गाउन, दोन जोड हातमोजे, मास्क, तोंडापुढं प्लास्टिकची ढाल. मकाक माकडांच्या थुंकीत हर्पीस बी हा विषाणू असू शकतो. त्यांना त्याचं फारसं काही होत नाही, माणूस मात्र मरू शकतो. चष्म्यावर वाफ.

आठही माकडिणी ठीक. ३४ नंबरवालीनं मला पाहून ओठ चपचपवले. म्हणजे खुशीत आहे. १९ तोंड वासून रोखून बघत राहिली. म्हणजे नेहमीसारखी आहे.

स्वॅब: ५२ ला रक्त. तिच्या चक्राचा पहिला दिवस.

३ जानेवारी

काट्यांवरचे आकडे उतरवले. प्रत्येकीपुढं दोन नळ्या. एकीत पाणी, दुसरीत ४ टक्के इथेनॉल. दिवसाचे २२ तास दोन्ही खुल्या. कुठली नळी, किती वाजता, किती घोट, हे जिचं ती ठरवते. मी फक्त लिहिते.

०७ चा आकडा पुन्हा जवळजवळ शून्य.

६ जानेवारी, शनिवार

ताईचा सांगलीहून फोन. मी उपास आहे म्हटल्यावर हसायलाच लागली. "मारुतीच्या लेकीबाळींना दारू पाजतेस आणि वर शनिवार धरतेस?"

पाजत नाही गं, त्याच पितात, म्हटलं. "ठेवतं कोण पुढ्यात?" म्हणाली.

उत्तर नव्हतं. साबुदाणा चिकट झाला.

९ जानेवारी

बॉसनं बोलावलं. निधीच्या पुढच्या अर्जावर परीक्षकाचा शेरा आलाय: सगळ्या माद्याच का? पाळीच्या चक्रामुळे आकडे पसरतील. सरासरीला अर्थ राहील का?

बॉस म्हणाला, "याला नीट उत्तर हवं. तू वाच, टिपणं काढ." मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत.

११ जानेवारी

पहिलं टिपण. बीरी आणि झुकर, २०११. मेंदूविज्ञानातल्या एकाच लिंगाचे प्राणी वापरणाऱ्या अभ्यासांत फक्त नरांवरचे आणि फक्त माद्यांवरचे यांचं प्रमाण ५.५ ला १. कारण कायम तेच सांगितलं जातं. मादीचं चक्र असतं, त्यामुळे गोंधळ वाढतो.

मग प्रेंडरगास्ट आणि मंडळी, २०१४. त्यांनी २९३ शोधनिबंध तपासले. माद्या उंदरांचे आकडे नरांपेक्षा जास्त पसरलेले नाहीत. चक्राचा दिवस न बघता घेतल्या तरी नाहीत.

म्हणजे गोंधळ हे कारण नव्हतंच. सवय होती.

१२ जानेवारी

रात्री झोप नाही. तीनला उठून चहा.

१५ जानेवारी

संक्रांत. बाहेर उणे अकरा. तीळ भाजले, गूळ भारतीय दुकानातला. लेकीला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला.

सुट्टी होती तरी स्वॅब चुकवता येत नाही. चक्राला सुट्टी नसते. ५२ चौदा-पंधरा दिवसांवर आलीय. चेहऱ्याचा लाल गडद वाटतो. कायो सांतियागो बेटावरच्या माकडिणींतही बीजमोचनाच्या सुमारास चेहऱ्याचा रंग बदलतो असं मोजून दाखवलंय. माझ्या डोळ्याला कितपत भरवसा द्यावा? रक्ताचा नमुना उद्या.

१७ जानेवारी

जॉर्ज कॉर्नर, १९२३: ऱ्हीसस माकडिणीचं बीजमोचन आणि पाळी. कार्ल हार्टमन, १९३२: याच माकडिणीच्या प्रजननावरचा मोठा ग्रंथ. बाईच्या पाळीचं विज्ञान बऱ्याच अंशी या माकडिणीच्या अंगावर शिकलेलं आहे. सुमारे २८ दिवसांचं चक्र, तसंच रक्त, तीच संप्रेरकं.

पाळी समजून घ्यायला हिला घेतलं. पुढं व्यसनाचा अभ्यास आला तेव्हा पाळी आहे म्हणून हिलाच बाजूला ठेवलं. हे वाक्य अर्जात चालणार नाही. इथं असू दे.

२० जानेवारी

नोंदवहीत प्रत्येकीपुढं एक रकाना: मूळ. आठही जणींपुढं "भारतीय". मोरारजींच्या सरकारनं १९७८ साली ऱ्हीससची निर्यात बंद केली. इथं अमेरिकेत लष्कराच्या किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत ही माकडं वापरली गेल्याचं बाहेर आलं होतं. त्याआधी आलेल्यांच्या या नाती-पणत्या. इथेच जन्मल्या, पावसात कधी भिजल्या नाहीत.

नव्या मुलीनं विचारलं, "तुझ्या गावाकडची का गं ही?" सांगलीकडं दिसतं ते बॉनेट माकड. ऱ्हीसस उत्तरेचं. समजावलं. तिला फरक पडला नाही.

२३ जानेवारी

३४ चा आकडा तीन रात्री चढता. पहाटेपर्यंत नळीशी. सकाळी मनुका दाखवला तरी सुईसाठी पाय पुढं करायला वेळ लावला.

२४ जानेवारी

३४ ला रक्त. पहिला दिवस.

२५ जानेवारी

३४ चा आकडा खाली.

ग्रांट यांच्या ओरेगनच्या प्रयोगशाळेतला २०१९ चा निबंध पुन्हा काढला. ऱ्हीसस माकडिणी, दारू खुली, पाळीचं चक्र नोंदलेलं. बीजमोचनानंतरच्या उत्तरार्धात पिणं पूर्वार्धापेक्षा जास्त. सगळ्यांत जास्त शेवटच्या दिवसांत, प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरत असतं तेव्हा.

महिन्याची सरासरी काढली की हे शेवटचे दिवस बाकीच्यांत मिसळून जातात. आकडा बरोबर येतो. काही कळत नाही.

एका ३४ वरून काही सिद्ध होत नाही हे माहीत आहे. तरी परवापासून तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतेय.

२७ जानेवारी

कचऱ्याची गाडी येऊन गेली. काचेचा डबा ओतताना केवढा आवाज होतो. शेजारीण खिडकीत होती.

३० जानेवारी

आता कोकेन. नॅन्सी मेलो आणि जॅक मेंडेल्सन, नवरा-बायको, हार्वर्डशी जोडलेलं मॅक्लीन रुग्णालय. २००७ चा निबंध, सायनोमोल्गस माकडं. कळ दाबली की शिरेत थोडं कोकेन. दर वेळी किंमत वाढवत नेतात. आधी थोड्या दाबण्या, मग जास्त, मग शेकड्यांनी. जिथं माकड कळ सोडतं तो ब्रेक पॉइंट. कुणाला किती हवंय, हे त्यावरून कळतं.

माद्या नरांपेक्षा वरच्या ब्रेक पॉइंटपर्यंत गेल्या. कमी मात्रेला माद्या चक्राच्या पूर्वार्धात उत्तरार्धापेक्षा जास्त राबल्या. ज्या चक्रांत बीजमोचनच झालं नाही त्यांत हा चढउतार दिसला नाही.

पूर्वार्धात. दारू उत्तरार्धात. दोनदा वाचलं.

२ फेब्रुवारी

बॉसला सांगितलं, उलटं येतंय. तो म्हणाला, "उलटं कशाला? औषधं दोन आहेत."

कागदावर मांडून पाहिलं.

पूर्वार्ध: इस्ट्राडायोल चढतं, बीजमोचनाच्या आधी शिखर. मिशिगन विद्यापीठात जिल बेकर यांनी मादी उंदरांत दाखवलंय की उत्तेजक दिल्यावर मेंदूच्या स्ट्रायटम भागात डोपामिन सुटतं, ते इस्ट्राडायोलमुळे वाढतं. कोकेनचा धंदा डोपामिनचाच.

उत्तरार्ध: बीज सुटल्यावर मागं उरलेल्या पिवळ्या पिंडातून प्रोजेस्टेरॉन. त्यातून शरीर ॲलोप्रेग्ननोलोन बनवतं. ते मेंदूतल्या गाबा-ए रिसेप्टरवर काम करतं, शांतवतं. दारूही काही प्रमाणात त्याच वाटेनं जाते. गर्भ राहिला नाही की शेवटच्या दिवसांत हे आतलं औषध एकदम आटतं. अंदाज असा की तेव्हा बाहेरचं हवंसं होतं.

म्हणजे "बाईला कधी हवंसं होतं?" याला एक उत्तर नाही. काय हवंय, ते आधी विचारायचं.

३ फेब्रुवारी

झोप नाही. पोळ्या दोनच केल्या, एक उरली. पेला भरला. मग परत भरला.

६ फेब्रुवारी

शंका होती: चक्रानुसार औषध रक्तात कमीजास्त उतरत असेल. मेंडेल्सन आणि मंडळींनी १९९९ साली पुरुषांत आणि बायकांत, बायकांच्या दोन्ही अर्धांत, कोकेनची रक्तातली पातळी मोजली. लक्षणीय फरक नाही. फरक रक्तात नाही, पुढं मेंदूत कुठंतरी आहे.

इव्हान्स आणि फोल्टिन, कोलंबिया विद्यापीठ, २००६: बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर ओढलेल्या कोकेनची लज्जत बायकांत कमी झाली. पुरुषांत नाही.

८ फेब्रुवारी

वार्षिक तपासणी. फॉर्ममध्ये: शेवटची पाळी कधी? "डिसेंबर" लिहिलं, पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

नर्सनं विचारलं, "आठवड्याला किती ड्रिंक्स?" पाच-सहा म्हटलं. तिनं सहा टाइप केलं. दोन्ही उत्तरं एकाच पडद्यावर होती, दोन वेगळ्या कप्प्यांत. कुणी शेजारी ठेवून पाहिली नाहीत. मीही नाही, त्या क्षणी.

डॉक्टर म्हणाली, या वयात चक्र विस्कटतं, झोप जाते. काळजी नको.

१० फेब्रुवारी, शनिवार

फाटकाशी निदर्शनं. तीसेक माणसं, थंडीत उभी. फलकावर पिंजऱ्यातल्या माकडाचा फोटो, आमच्याकडचा नव्हे. एका आजीबाईनं गाडीच्या काचेशी वाकून विचारलं, "तुम्हाला झोप येते का?"

काच खाली होती. काही बोलले नाही.

ताईला सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी

नव्या मुलीला स्वॅब शिकवला. हात हळू, नजर खाली. डोळ्यांत डोळे घातले की त्यांना ती धमकी वाटते. तिनं १९ च्या डोळ्यांत पाहिलंच. १९ नं पिंजरा हलवून सोडला.

१९ तिच्या जोडीत वरचढ आहे. बिस्किटं आधी तिची, फळी तिची. पिणंही तिचं जास्त. हे मनात ठेवलं.

१७ फेब्रुवारी

भाचीचा व्हॉट्सॲप. मिरजेजवळ एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. "मावशी, बायकांसाठी वेगळा केस पेपर करतोय. सध्याचा पुरुषांचाच आहे, फक्त वर 'श्रीमती' लावतो. काय काय विचारू?" पुढं: "दारूसाठी क्वचित येतात. मिश्रीसाठी कुणी येतच नाही, ते व्यसन आहे असंच वाटत नाही."

कळवते म्हटलं.

२१ फेब्रुवारी

३४ चा दिवस उलटून गेला. स्वॅब कोरडा.

२४ फेब्रुवारी

कोरडा.

२७ फेब्रुवारी

कोरडा. आकडा मात्र चढाच. आता खाली येतच नाही.

२८ फेब्रुवारी

मेलो आणि मंडळी, "सायन्स", १९८३. हा निबंध आधी वाचायला हवा होता असं कुणी म्हणेल. मला तो आजच हवा होता. मकाक माकडिणींना दारू खुली. ज्या खूप प्यायल्या त्यांची पाळी थांबली. ल्यूटिनायझिंग हॉर्मोन खाली, अंडाशयाचं वजन घटलेलं, गर्भाशय आकसलेलं. १९९७ साली त्याच गटानं कोकेनबद्दल लिहिलं: स्वतःहून घेतलेल्या कोकेननंही ऱ्हीससचं चक्र मोडतं.

आतापर्यंत मी बाण एकाच दिशेनं काढत होते. चक्राकडून पिण्याकडं. दुसरा बाणही आहे. पिण्याकडून चक्राकडं. आणि एकदा चक्र मोडलं की पहिल्या बाणाला टेकायला जागा उरत नाही.

१ मार्च

वाईन आणली नाही. दुकानाच्या त्या रांगेत गेलेच नाही.

२ मार्च

आणली.

४ मार्च

३४ च्या रक्तात प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नाही. बीजमोचन नाही. पशुवैद्यानं तपासलं: वजन ठीक, दात ठीक, भूक कमी. "ऋतू असेल?" म्हणाला. ऱ्हीसस मोकळ्यावर हिवाळ्याच्या तोंडाला माजावर येते. घरात, बारा तासांच्या दिव्यांतही काहींचं बीजमोचन उन्हाळ्यात थांबतं. पण हा मार्च. बाहेर अजून बर्फ.

५२ वेळेवर. ०७ वेळेवर, आणि पिणं नगण्य. चक्र दोघींना सारखंच आहे. एकीचा आकडा त्याच्याबरोबर हलतो, दुसरीचा नाही. अर्जात हे लिहायलाच हवं. चक्र ढकलतं, पण कुणाला किती, हे आधीच कुठंतरी ठरलेलं असतं.

७ मार्च

वेक फॉरेस्ट, नॉर्थ कॅरोलायना. मायकल नेडर यांचा गट. २००२: नर माकडांची टोळी जमवली. वरचढ झालेल्या नरांत डोपामिनचे डी-२ रिसेप्टर वाढलेले दिसले, आणि ते कोकेन कमी घेत. सगळीकडं उद्धृत झालं. मान मिळाला की व्यसन दूर राहतं, असा धडा निघाला.

२०१२: तेच माद्यांत. वरचढ माद्यांचे रिसेप्टर जास्तच होते. आणि कोकेनकडं ओढाही त्यांचाच जास्त.

धडा अर्ध्या जगापुरता होता.

१० मार्च, रविवार

घड्याळं एक तास पुढं. खोलीतले दिवे जुन्या वेळेला लागले. माकडिणींना मी तासभर लवकर आलेली वाटले असेन. १९ नं नाराजी दाखवली.

१२ मार्च

वेक फॉरेस्टमधलाच झोटी आणि मंडळींचा २००९ चा निबंध. माद्या सायनोमोल्गस, पेट स्कॅन, एकाच माकडिणीचा दोन्ही अर्धांत. डी-२ ची उपलब्धता पूर्वार्धात कमी, उत्तरार्धात जास्त. कोकेनसाठी जास्त राबतात तो पूर्वार्धच.

चांगलं जुळतं. पण परवाच वाचलं की वरचढ माद्यांत डी-२ जास्त असूनही ओढा जास्त. दोन्ही एकाच पानावर लिहून ठेवले. जुळवाजुळव केली नाही.

१५ मार्च

भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेननं खुणा करायला लागले. जेवढे पेले, तेवढ्या रेघा. लाल पेन शेजारी ठेवलंय. लाल खूण अजून एकही नाही.

१८ मार्च

उत्तराचा कच्चा खर्डा. बॉस म्हणाला, "परीक्षक विचारेल, बरं मग? माकडिणींचं कळलं, बायकांना काय?"

झोलपिडेम घातलं. झोपेची गोळी. अमेरिकेत १९९२ साली मंजूर. बाईच्या रक्तात ती सकाळीही जास्त उरते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बायकांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम केला तो २०१३ साली. मधली वीसेक वर्षं बायका पुरुषाचा डोस घेऊन सकाळी गाडी चालवत होत्या.

याच प्रशासनानं १९७७ साली मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना सुरुवातीच्या औषधचाचण्यांतून वगळायला सांगितलं होतं. १९९३ साली ते मागं घेतलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दोन्ही लिंगांचा विचार करा, असं राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी सांगितलं ते २०१६ पासून लागू. आमच्या खोलीतले नोंदींचे जुने ढीग त्याआधीचे. सगळे नरांचे.

बॉस म्हणाला, "झोलपिडेमचा चक्राशी संबंध नाही." नाही. वगळण्याशी आहे. ठेवलं.

२१ मार्च

३४ नं आज ओठ चपचपवले नाहीत.

२५ मार्च

होळी झाली तिकडं, इथं सोमवार. ताईचा फोन. मी काय वाचतेय ते थोडं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बाई पिते ती पाळीमुळं, असंच ना? आमच्या इथले पुरुष टाळ्या पिटतील."

फोन ठेवल्यावरही तेच डोक्यात. पुरुष प्यायला की कर्ज, नोकरी, संगत, बापाचा मार. बाई प्यायली की हॉर्मोन. हे माझ्या टिपणांतून निघणार असेल तर टिपणं फाडलेली बरी.

पण तसं निघत नाही. ०७ चं चक्र घड्याळासारखं चालतं आणि ती पीत नाही. १९ ची फळी, १९ चा दरारा, तेही आकड्यात उतरतं. चक्र हे अनेक कारणांतलं एक. एवढंच की बाकीची कारणं फॉर्मवर विचारतात, हे विचारत नाहीत.

२६ मार्च

भाचीला लिहायचंय. सुरुवात सुचत नाही.

१ एप्रिल

३४ ची तारीख ठरली. ठरलेलीच होती, अर्जात पहिल्या पानावर आहे. ऊती साठवणीत जातील: मेंदू, यकृत, अंडाशयं. एका प्राण्यापासून पुढं अनेक प्रयोगशाळांचं काम चालतं. हे मी नव्या मुलीला नीट समजावलं. तिनं मान हलवली आणि बराच वेळ हातमोजे काढले नाहीत.

५ एप्रिल

३४ ला द्राक्षं दिली. नियमात बसतील तेवढी.

८ एप्रिल

सूर्यग्रहण. इथं खंडग्रास. सगळे कागदी चष्मे लावून पार्किंगमध्ये. मी खोलीत. दिवे नेहमीसारखे लागलेले. त्यांना काही कळलं नाही.

९ एप्रिल

पाडवा. गुढी नाही. कडुलिंबही मिळत नाही. श्रीखंड डब्यातलं.

११ एप्रिल

३४. सकाळी आठला. पशुवैद्यानं नीट केलं. पाय तिनं स्वतः पुढं केला, शिकवला होता तसा.

रात्री निळ्या रेघा मोजल्या नाहीत. मारल्या मात्र.

१२ एप्रिल

सात पिंजरे. स्वॅब: ५२ ला रक्त.

१४ एप्रिल

पहाटे पाळी आली. लाल खूण केली. मग कॅलेंडरची मागची पानं उलटून निळं आणि लाल शेजारी ठेवून पाहिलं. खूण एकच, ताडून काय बघणार? बीजमोचन कधी झालं की झालंच नाही, रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पण आधीच्या आठवड्यात निळ्या रेघा दाट आहेत. ११ तारीखही त्याच आठवड्यातली. कशामुळे दाट, हे कॅलेंडर सांगत नाही. दोन्ही लिहिलं असल्यामुळे निदान प्रश्न तरी पडतो.

१५ एप्रिल

अर्जाचं उत्तर गेलं. शेवटचा परिच्छेद असा: चक्रामुळे आकडे पसरतील, हा परीक्षकांचा मुद्दा मान्य. तो पसाराच आम्हाला मोजायचा आहे. प्रत्येक नोंदीशेजारी चक्राचा दिवस आणि प्रोजेस्टेरॉनची पातळी राहील. ज्या चक्रात बीजमोचन झालं नाही ते वेगळं मोजलं जाईल, टाकून दिलं जाणार नाही. सामाजिक स्थान वेगळं नोंदलं जाईल.

बॉसनं एक स्वल्पविराम काढला.

१८ एप्रिल

पुन्हा डॉक्टर. नर्स तीच. "आठवड्याला किती ड्रिंक्स?" म्हटलं, आठवड्याचं सांगता येणार नाही, तारखांसकट आणलंय. कॅलेंडरची पानं पुढं केली. तिनं पडदा वरखाली केला. अशा उत्तराला कप्पा नव्हता. शेवटी "इतर" मध्ये टाइप केलं. डॉक्टरनं मात्र पानं मांडीवर घेऊन नीट पाहिली. कमी करण्याबद्दल बोललो. पुढची भेट जूनमध्ये.

२० एप्रिल, शनिवार

भाचीला पाठवलं. इथं उतरवून ठेवते.

"चिमणे, तुझ्या केस पेपरसाठी. 'आठवड्याला किती' हा प्रश्न ठेव, पण तिथंच थांबू नकोस. एका महिन्याचं कॅलेंडर छाप. बाईला सांग, पाळीची तारीख लाल, पिण्याची निळी. लिहिता येत नसेल तर तू विचारून भर. मिश्रीही त्यातच, तिसऱ्या रंगानं. पाळी थांबली असेल तर कधीपासून आणि पिणं कधी वाढलं, दोन्ही तारखा हव्यात. कोणतं आधी, हे तू ठरवू नकोस, डॉक्टरला दाखव. काय घेते ते वेगळं लिही, कारण सगळी व्यसनं एकाच दिवसात जोर करत नाहीत. नवरा, कर्ज, मार, झोप, हे रकाने काढू नकोस. आणि घरच्यांना 'पाळीमुळं पिते' असं सांगू नकोस. ते खरं नाही आणि तिच्या अंगावर येईल. कॅलेंडर तिच्याजवळच राहू दे. महिनाअखेर ते तिच्यासमोर उघड आणि पहिला प्रश्न हा विचार: कोणत्या दिवशी?"